‘झुनी खुनी बाहुली’ या फॉरवर्डमधलं जवळपास सगळं खोटं आहे

दर काही महिन्यांनी हा मेसेज परत फिरायला लागतो, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी रील म्हणून, मागे घाबरवणारं म्युझिक टाकून. मजकूर साधारण असा: अमेरिकेत झुनी नावाची एक जमात होती, ते लोक लाकडाची बाहुली कोरायचे, तिच्यात मेलेल्या योद्ध्याचा आत्मा कोंडून ठेवायचे, बाहुलीला सोन्याची साखळी असायची आणि ती साखळी सुटली की बाहुली जिवंत होऊन घरातल्यांचा जीव घ्यायची. मग पुढे जोडलेलं असतं की शत्रूचं वाईट करायला या बाहुल्यांना टाचण्या टोचायचे, त्यांचे चित्रविचित्र चेहरे म्हणजे खरं तर परग्रहावरचे पाहुणे, जमात आता संपली, आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या म्युझियमनी शापाला घाबरून या बाहुल्या परत देऊन टाकल्या. सगळ्यात खाली खरेदीची लिंक, ‘ओरिजिनल झुनी प्रोटेक्शन डॉल’.

लोक भुताचे इमोजी टाकून हे पुढे ढकलतात. मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती आत्ता जगत असलेली माणसं आहेत, त्यांचा धर्म आजही चालू आहे, आणि पाऊस पडावा, मका यावा, लेकरं जगावीत म्हणून ज्यांच्यासमोर ते उभे राहतात त्यांनाच आपण खुनी ठरवून टाकलंय. म्हणून एकेक दावा घेते.

पहिला, साखळी आणि कोंडलेला आत्मा. हे कुठून आलं ते नेमकं सांगता येतं. १९६९ मध्ये रिचर्ड मॅथेसन या अमेरिकन लेखकाची ‘प्रे’ नावाची भयकथा छापून आली, आणि तिच्यावर बेतलेला भाग मार्च १९७५ मध्ये एबीसी चॅनेलवर लागलेल्या ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’ या टीव्ही सिनेमात होता. फ्लॅटमध्ये एकटी बाई, तिने आणलेली अणकुचीदार दातांची बाहुली, हातात भाला, अंगावर सोन्याची साखळी, साखळी गळून पडते आणि बाहुली तिच्या मागे लागते. फॉरवर्डची सुरुवात म्हणजे या सिनेमाची स्टोरी आहे, फक्त ‘सिनेमात असं होतं’ एवढंच गाळलंय. झुनींकडे बाहेरची माणसं येऊन लिहून ठेवायला लागली ती त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीपासून. फ्रँक कुशिंग १८७९ ते १८८४ तिथे राहिला, मटिल्डा स्टीव्हन्सनचा जाडजूड रिपोर्ट १९०४ चा, ब्रूकलिन म्युझियमसाठी स्टुअर्ट क्युलिनने १९०३ पासून बाहुल्या जमवल्या, रूथ बन्झेलने १९३२ मध्ये एकेका रूपाचं बारीक वर्णन छापलं. त्यातल्या कोणाच्याही लिखाणातली बाहुली त्या सिनेमातल्या बाहुलीसारखी नाही.

मग बाहुली असते कोणाची? झुनी ज्यांना कोक्को म्हणतात त्यांची. बाहेर ‘कचिना’ हे नाव जास्त चालतं, ते शेजारच्या होपी लोकांकडून आलेलं. आणि कोक्को कोण, तर याची झुनींमध्ये सांगतात ती कथा ऐकलीत तर खुनी वगैरे शब्द तोंडात पण येणार नाही. लोक धरणीच्या पोटातून वर आले आणि जगाचा मध्य शोधत निघाले. वाटेत नदी लागली. पाण्यातून जाताना आयांच्या कडेवरची मुलं बेडूक, कासव, साप अशी व्हायला लागली, त्यांनी बोचकारलं, आया घाबरल्या आणि काहींचे हात सुटले. पडलेली मुलं मेली नाहीत, ती एका तळ्याखालच्या गावात जाऊन राहिली, त्या गावाचं नाव कोथलुवालावा. इकडे आयांचं रडणं थांबेना म्हणून ती मुलं कोक्को होऊन गावात नाचायला यायला लागली, पण परत जाताना दर वेळी गावातलं कोणीतरी त्यांच्याबरोबर जायचं, म्हणजे मरायचं. तेव्हा त्यांनी सांगितलं की आता आम्ही असे येणार नाही, तुम्ही आमच्यासारखे मुखवटे करा, नाचा, आम्ही येऊन तुमच्यात उभे राहू.

म्हणजे माणसं मरू नयेत म्हणून ज्यांनी स्वतः येणं थांबवलं त्यांचं हे रूप.

आणि हे पुराणात संपत नाही. माणूस गेला की तो त्याच गावात कोक्कोंमध्ये जातो आणि पावसाचे ढग होऊन परत येतो असं झुनी मानतात. त्यांचं गाव अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या पश्चिम टोकाला, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या वर, वर्षाला पाऊस जेमतेम १२ इंच. तिथे बायका पूर्वापार घराजवळ मातीचे छोटे छोटे चौकोनी वाफे करायच्या, चारी बाजूंनी बोटभर-वीतभर बांध घालून, की घड्याने आणून ओतलेलं पाणी रोपाच्या मुळाशीच राहावं. अशा ठिकाणी आभाळात ढग आला की तो आपलाच कोणीतरी गेलेला माणूस आलाय असं समजणारे लोक, त्यांच्या मुलाच्या हातात त्या ढगाची बाहुली. ही बाहुली बाळाला देतात, आणि मूल व्हावं किंवा आधीची बाळं गेली तर आताचं जगावं म्हणून बाईला बाहुली देण्याची रीतही झुनीत नोंदलेली आहे. हे सगळं माहीत असताना कोणी ‘जीव घेणारी बाहुली’ कसं लिहू शकतं, मला खरंच कळत नाही.

वस्तू म्हणून पण जरा जवळून बघा. कॉटनवूड किंवा पाइनचं लाकूड. होपी बाहुली बघितली तर तिचे हात बहुतेक अंगाबरोबरच कोरलेले असतात, झुनी बाहुली सहसा सडपातळ, उंच, हात वेगळे करून जोडलेले त्यामुळे हलतात, आणि अंगावर नुसता रंग नाही तर घातलेले कपडे, कमरेला कापड, पायात चामड्याचे बूट, गळ्याशी फर, डोक्यावर पिसं. कोणतं पीस, कोणता रंग, शिंग कुठल्या बाजूला हे कारागीर मनाने ठरवत नाही.

उदाहरण म्हणून सायताशा घ्या, लांब शिंगवाला. उजव्या बाजूने एकच लांब शिंग बाहेर आलेलं, हातात धनुष्य आणि हरणाच्या खांद्याच्या हाडांचा खुळखुळा, आणि दोन डोळे सारखे नाहीत, उजवा लांब ओढलेला, डावा आखूड. असं का, तर बन्झेलला सांगितलेलं कारण असं की शिंग आणि लांब डोळा हे एकदिलाने राहणाऱ्यांना दीर्घायुष्य मिळावं म्हणून, आणि आखूड डोळा चेटूक करणाऱ्यांसाठी, की त्यांचं आयुष्य आखूड व्हावं.

इथेच दुसरा दावा, टाचण्यांचा, निकालात निघतो. टाचण्या टोचायच्या बाहुल्यांचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते वूडूच्या नावाने हॉलिवूडने पसरवलेलं, ते इथे आणून चिकटवलंय. झुनींमध्ये चेटूक करणारा माणूस हा समाजाचा सगळ्यात मोठा शत्रू समजतात आणि सायताशाचा एक डोळा खास त्याच्या विरोधात आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, काही कोक्को खरंच भीतीदायक दिसतात. आतोश्ले आहेत, डोळे वटारलेले, दात दाखवणारे, हातात सुरा, ते हट्टी मुलांना दटावायला येतात आणि मुलं आईच्या मागे लपतात. पण ते येतात ते मूल वळणावर यावं म्हणून, घरच्यांच्या संमतीने. आणि कोयेमशी बघा, दुकानात ‘मडहेड’ म्हणून ज्यांच्या बाहुल्या सगळ्यात जास्त दिसतात. मातकट रंगाचा गोल मुखवटा, डोक्यावर गाठी, एकूण दहा जण, चावट चाळे करून लोकांना हसवतात. बघणाऱ्याला वाटतं विदूषक. त्या गाठींमध्ये असतात बिया आणि गावातल्या रस्त्यावरची, लोकांच्या पावलांखालची माती, म्हणजे अख्खं गाव त्यांच्या डोक्यावर बांधलेलं असतं. त्यांना कोणी काही नाकारत नाही, त्यांच्याएवढा धाक कोणाचा नाही आणि त्यांच्याएवढं प्रेमही कोणावर नाही असं बन्झेलने लिहून ठेवलंय. हे दहा जण वर्षभर सेवेला बांधलेले असतात.

अजून एक घोळ फॉरवर्डमध्ये आणि बऱ्याच ‘माहितीपूर्ण’ पोस्टमध्येही असतो, की झुनी लोक बाहुलीची पूजा करतात. बाहुलीपेक्षा जास्त पवित्र असतो तो नाचात घालायचा मुखवटा. तो ज्या घरात असतो तिथे त्याला रोज घास दिला जातो, तो कोणी घालायचा, कधी, त्याआधी काय पाळायचं याचे कडक नियम. बाहुली त्या कोक्कोची आठवण आणि आशीर्वाद घरात ठेवते, पण ती मुखवट्याच्या जागी बसत नाही. यातलं बरंच ज्ञान झुनींमध्येसुद्धा ज्याचा अधिकार त्यालाच मिळतं, मुलगा टप्प्याटप्प्याने किवाच्या, म्हणजे विधी करायच्या खास खोलीच्या, मंडळात घेतला जातो तेव्हा. तर रीलवाल्याकडे ‘गुप्त रहस्य’ आहे यावर विश्वास ठेवूच नका.

परग्रहवाले. यावर फार वेळ घालवत नाही. शालाको नावाच्या कोक्कोचा फोटो नाहीतर चित्र दाखवून म्हणतात बघा हेल्मेट, बघा अँटेना. शालाको साधारण दहा फूट उंच असतो, निळसर चेहरा, बाहेर आलेले गोल डोळे, दोन बाजूंना वर वळलेली शिंगं, डोक्यावर गरुडाची पिसं, गळ्याभोवती कावळ्याच्या जातीच्या मोठ्या पक्ष्याची काळी पिसं आणि लांब लाकडी चोच, ती टकटक वाजते. पक्षी, प्राणी, पाऊस, सगळं त्यांच्या आजूबाजूचंच आहे. असे सहा शालाको नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी गावात येतात, त्यांच्यासाठी नव्याने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या घरांना आशीर्वाद देतात, रात्रभर नाचतात, आणि त्याच रात्री सायताशा तासन् तास चालणारी प्रार्थना तोंडपाठ म्हणतो, ती शिकायला वर्ष जातं. माणसांनी वर्षभर घाम गाळून उभं केलेलं हे काम आहे, त्याचं श्रेय दुसऱ्या ग्रहाला देऊन टाकणं मला फार अपमानाचं वाटतं.

‘जमात नामशेष झाली’. नाही. झुनी पुएब्लोत, म्हणजे त्यांच्या गावात, आज दहा हजारांच्या आसपास लोक राहतात. स्वतःचे गव्हर्नर आणि कौन्सिल आहे, १९८० पासून शाळांचा वेगळा जिल्हा, केएसएचआय नावाचं रेडिओ स्टेशन, १९९२ पासून आशिवी आवान नावाचं म्युझियम. भाषा अशी की जगातल्या कुठल्याच दुसऱ्या भाषेशी तिचं नातं जुळत नाही आणि ती आजही बोलली जाते. संपवायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. १५४० मध्ये कोरोनाडो या स्पॅनिश सरदाराने त्यांच्या हाविकूह गावावर हल्ला केला, १७ व्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी पुएब्लो गावांमधल्या किवांवर धाडी घालून ढिगाने मुखवटे जाळले, स्पॅनिशांविरुद्धच्या १६८० च्या बंडानंतर झुनी काही वर्षं दोवा यालान्ने या उंच सपाट डोंगरावर जाऊन राहिले. आणि आता त्याच गावातल्या जुन्या मिशन चर्चमध्ये आतल्या भिंतींवर वर कोक्को रांगेने उभे आहेत, माणसाएवढे, अ‍ॅलेक्स सिओतेवा या झुनी चित्रकाराने १९७० पासून मुलांना बरोबर घेऊन काढलेले. ज्या पंथाच्या धर्मगुरूंनी मुखवटे जाळले त्याच पंथाच्या चर्चमध्ये.

तळ्याखालचं ते गाव, कोथलुवालावा, ते पण नकाशावर आहे, झुनी नदी आणि लिटल कोलोरॅडो जिथे भेटतात त्या भागात, अ‍ॅरिझोनात. दर चार वर्षांनी उन्हाळ्यात, दिवस सगळ्यात मोठा असतो त्या सुमारास, झुनी पुरुषांचा एक जथा तिथे पायी आणि घोड्यांवर यात्रेला जातो, सगळी वाट साधारण ११० मैल, चार दिवस. एका रँचवाल्याने १९८५ मध्ये आपल्या जमिनीवरून ही यात्रा अडवायला बघितलं, तर केस फेडरल कोर्टात गेली आणि १९९० मध्ये कोर्टाने झुनींचा वहिवाटीचा हक्क मान्य केला.

आता म्युझियम. हा दावा सगळ्यात धोकादायक, कारण यात अर्धं खरं आहे. म्युझियमनी लाकडी मूर्ती परत दिल्या हे खरं. पण त्या कोक्कोच्या बाहुल्या नव्हेत आणि शापाचा काही संबंध नाही. त्या होत्या आहायुदा, जुळ्या युद्धदेवांच्या मूर्ती. मोठा भाऊ उयुयेवी, त्याची मूर्ती हरीण कुळातले लोक करतात, धाकटा मायासेवी, त्याची अस्वल कुळातले. हिवाळ्यात दिवस सगळ्यात लहान असतो त्या सुमारास त्या कोरतात, खांबासारखं उभं लाकूड, वर चेहरा, बेंबीच्या जागेतून पुढे आलेली काठी, पिसं, शिंपले, मणी. मग डोंगरावरच्या ठरलेल्या ठाण्यावर नेऊन ठेवतात, उघड्यावर. नवीन मूर्ती बसली की जुनी बाजूला आधीच्या मूर्तींच्या ढिगात जाते, पण तिचं काम संपत नाही. ऊन, पाऊस, बर्फ खात ती झिजते, तिला चिरा पडतात, माती होते, आणि त्या झिजण्यातूनच तिची ताकद जगाच्या रक्षणासाठी खर्च होते असं झुनी मानतात. फक्त झुनींच्या नाही, सगळ्या जगाच्या. तिथून ती उचलली की ती ताकद भरकटते, लढाया, भूकंप, वादळं होतात.

आणि लोकांनी उचललीच. संग्राहक, अभ्यासक, व्यापारी, ‘टाकून दिलेलं लाकूड’ समजून किंवा तसं दाखवून. कोणी विकत घेतली म्हणालं तरी ती चोरीचीच, कारण ती एकट्याच्या मालकीची नसते, अख्ख्या समाजाची असते, कोणालाच विकता येत नाही. हाच मुद्दा झुनींच्या धर्मप्रमुखांनी १९७८ पासून लावून धरला. त्या वर्षी सोदबीज या कंपनीच्या लिलावात आहायुदा निघाला होता तो त्यांनी मागे घ्यायला लावला. डेन्व्हर आर्ट म्युझियमशी बोलणी झाली, आधी नकार आणि मग होकार. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमने मूर्ती परत दिल्या. १९९० मध्ये तर अमेरिकेत कायदाच आला की सरकारी पैसा घेणाऱ्या म्युझियमनी अशा पवित्र वस्तू मूळ लोकांना परत द्यायच्या, पण तोपर्यंत झुनींनी कायद्याशिवाय, नुसतं शांतपणे आणि चिकाटीने बोलून कितीतरी मूर्ती आणल्या होत्या. कोणाला धमकी नाही, शाप नाही. म्युझियमवाले म्हणायचे की आमच्याकडे त्या नीट जपल्या जातात, एसीत, काचेत. झुनींचं म्हणणं, जपायच्याच नाहीत, त्यांना झिजू द्यायचंय. परत आलेल्या मूर्तींसाठी त्यांनी चोर शिरू नये असं मजबूत कुंपणाचं ठिकाण केलं आणि वरून ते उघडं ठेवलं. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट हीच आहे.

हा १९९० चा कायदा अमेरिकेबाहेर लागू होत नाही. २०१३ मध्ये पॅरिसला होपींच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव होपींनी विनवण्या करूनही झाला, तिथल्या कोर्टाने थांबवायला नकार दिला. डिसेंबर २०२२ मध्ये अशा वस्तू अमेरिकेबाहेर नेण्यावर बंदीचा कायदा झाला.

शेवटी ती खरेदीची लिंक. ‘प्रोटेक्शन डॉल’ म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा त्या सिनेमातल्या बाहुलीची नक्कल असते, प्लास्टिक किंवा रेझिनची, त्याचा झुनींशी काही संबंध नाही. घरात ठेवल्याने काही होणार नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. पण फिनिक्स, अल्बुकर्कीकडे राहणारे किंवा ग्रँड कॅन्यनच्या ट्रिपला जाणारे आपले बरेच जण झुनीजवळच्या गॅलप गावातल्या आणि हायवेवरच्या दुकानांतून ‘झुनी कचिना’ म्हणून काहीतरी आणतात, त्यांच्यासाठी एवढं सांगते. दुकानात दिसणाऱ्या अशा कितीतरी बाहुल्या झुनींच्याही नसतात आणि होपींच्याही नसतात. झुनींमध्ये बाहुल्या विकण्याबद्दल होपींपेक्षा जास्त संकोच आहे, त्यामुळे खऱ्या झुनी बाहुल्या बाजारात कमीच. झुनी कारागीर विकायला करतात ते मुख्यतः चांदी-फिरोजाचे दागिने आणि दगडात कोरलेले छोटे प्राणी, अस्वल, डोंगरी सिंह, बिज्जूसारखा बॅजर, ते आनंदाने घ्या. त्यातही नकली फार, फिलिपिन्समध्ये बनवून झुनी म्हणून विकलेल्या दागिन्यांवर २०१५ मध्ये अमेरिकन सरकारने धाडी घातल्या होत्या. १९९० च्याच एका दुसऱ्या कायद्याने खोटं नाव लावून विकणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग. त्यामुळे दुकानदाराला सरळ विचारा, कोणी केलंय, कुठल्या जमातीचं, बिलावर लिहून द्या. जो खरा आहे तो लिहून देतो.

स्वतः हौसेने बनवून बघू असंही कोणी सुचवतं. कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावच्या बॉय स्काउट मुलांनी १९५० च्या दशकात शालाकोंच्या प्रतिकृती केल्या होत्या, फार मेहनतीने, मनात आदर ठेवून. झुनींची माणसं आली, त्यांनी बघितलं आणि सांगितलं की हे आता खरेच शालाको आहेत, आणि ते झुनीला घेऊन गेले.

आणि गावात जाणार असाल तर आधी तिथल्या व्हिजिटर सेंटरमध्ये जा, फोटोचं परमिट तिथे मिळतं. नाच किंवा विधी चालू असतील तर फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, कागदावर चित्र काढणं, काहीच चालत नाही, आणि काही वेळा बाहेरच्यांना आत सोडतच नाहीत, तसं सांगितलं तर वाद न घालता परत फिरा.